केस काढायच्या मशीनपायी 50,996 रुपये गेले, कृपया वाचा

लिहू की नको यात पंधरा दिवस गेले. मुलगी आणि हे सोडले तर घरात कुणाला माहीत नाही, सासरी तर नाहीच नाही. पण परवा शेजारची एक जण मोबाइलवर तीच जाहिरात घेऊन मला विचारायला आली, "घेऊ का गं?" तेव्हा ठरवलं, लाज गेली तर गेली.

मी अकरा वर्षं पतसंस्थेत कॅशला बसते. "ओटीपी, पिन कुणाला सांगू नका" हे सभासदांना रोज सांगणारी मी. म्हणून जास्त जिव्हारी लागलंय.

मी हावरटपणा केला नाही, हिशोब केला होता. फुल आर्म वॅक्स 350, हाफ लेग 350, अंडरआर्म 100. म्हणजे 800. मी आणि कॉलेजला जाणारी मुलगी, दोघींचे महिन्याला 1,600, वर्षाला 19,200. त्यात जाहिरात आली की लाइटचं मशीन घरीच वापरा, मूळ किंमत 12,999, आज फक्त 2,999. कुणालाही पटेल असाच हिशोब होता.

199 रुपये 'ऑर्डर कन्फर्म' करायला आधी भरले, 2,800 दारात दिले. खरं तर त्या 199 लाच थांबायला हवं होतं. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर आगाऊ पैसे कशाला? वेबसाइटवर कंपनीचा पत्ता नव्हता, तक्रार अधिकाऱ्याचं नाव नव्हतं. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे ही दोन्ही द्यावीच लागतात. ती नसतील तर तिथून काही घेऊ नका. डिलिव्हरीवाला म्हणाला, "आधी पैसे, मग खोला." मी खोलायच्या आधी पैसे दिले. तुम्ही देऊ नका, पार्सल परत पाठवा. घेतलंच तर मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून डबा फोडा.

डब्यावर एमआरपी नाही, आयात कुणी केलं ते नाही, नुसतं एका गोऱ्या बाईच्या पायाचं चित्र. तीन आठवडे इमानेइतबारे दोघींनी वापरलं, एक केस हलला नाही. शेवटी पार्लरवालीला दाखवलं. तिने बटण दाबलं, काच स्वतःच्या मनगटावर टेकवली आणि म्हणाली, "ताई, यात फ्लॅशच पडत नाही. काच बघा, गार आहे. ही निळी बॅटरी आहे नुसती." खऱ्या मशीनचा उजेड केसातल्या काळ्या रंगात शोषला जातो, त्याने मुळाला चटका बसतो. म्हणून पांढऱ्या केसांवर ते चालत नाही आणि फार सावळ्या कातडीवर भाजायची भीती असते, हे तिनेच सांगितलं. जाहिरातीत तर "पांढरे केसही जातात, कुठल्याही त्वचेला चालतं" असं होतं. तेवढ्यावरूनच खोटं कळायला हवं होतं.

इथवर 2,999 गेले होते. ते सोडून दिले असते तर बरं झालं असतं.

मी वेबसाइटवरच्या नंबरवर रिफंडचा मेसेज टाकला. शुक्रवारी संध्याकाळी 6:40 ला फोन आला. ऑर्डर नंबर, घराचा पत्ता, दारात दिलेले 2,800, सगळं त्याला माहीत. मला वाटलं, एवढं माहीत असलेला माणूस कंपनीचाच. होताच तो, विकणाराच चोर होता. गॅसवर आमटी, कुकरची शिट्टी, हे सेकंड शिफ्टला. तो म्हणाला, "पेमेंट ॲपमध्ये आमचा आयडी टाका, आणि खालच्या चौकोनात रिफंड कोड टाका, 2999."

कोड! तो रकमेचा चौकोन होता. रोज हजारो रुपये मोजणाऱ्या बाईला तो रकमेचा चौकोन दिसला नाही. आणि वर, ठळक अक्षरात, कंपनीचं नाही, एका माणसाचं नाव आलं होतं. मी ते वाचलं. मोठ्याने वाचलं. विचारलंसुद्धा, "हे कोण?" तो म्हणाला, "आमचे अकाउंटंट, मॅडम." आणि मी पिन टाकला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कधीच नाही. मला हे माहीत होतं. तो क्षण रात्री झोपेतही समोर येतो.

2,999 कटल्याचा मेसेज आला तर म्हणे ती व्हेरिफिकेशन एंट्री, आता दोन्ही मिळून 5,998 येतील, नवा कोड टाका, 24999. मग म्हणे कोड चुकला, तुमचेच पैसे अडकलेत, सोडवायला 19999. घाबरून माणूस काय काय करतो हे ज्याच्यावर आलं त्यालाच कळेल. अकरा मिनिटांत 47,997. मशीन धरून 50,996.

आता पुढचं ऐका. बँकेच्या टोल फ्रीवर बावीस मिनिटं गाणं ऐकलं आणि फोन कट झाला. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, बँक बंद. पोलीस ठाण्यात गेले तर साहेबांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "मशीन कशाचं होतं?" मी सांगितलं. खोलीतले तिघे हसले. माझी मुलगी शेजारी उभी होती. मग "ऑनलाइन तक्रार करा, प्रिंट आणा." प्रिंट आणली तर "खातं परराज्यातलं, आमच्या हद्दीत येत नाही." अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे असा गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, फिर्याद घ्यावीच लागते, 1 जुलै 2024 पासून! हे मला नंतर एका वकिलांकडून कळलं. तेव्हा मी गप्प घरी आले. सोमवारी मॅनेजर म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलाय, बँक काय करणार?" रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ग्राहकाच्या चुकीने गेलेले पैसे कळवेपर्यंत ग्राहकाच्याच अंगावर पडतात, मान्य. पण म्हणून समोरच्या खात्याच्या बँकेला एक मेलही करायचा नाही? तीन दिवसांत मला कुणी, एकानेही, 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर सांगितला नाही. तो सांगितला आमच्या एका सभासद काकांनी, काउंटरवर. पैसे गेले की तेव्हाच, त्याच मिनिटाला 1930 लावा. बँक, पोलीस, नवरा, सगळं नंतर. मी सोमवारी दुपारी लावला तोवर पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. होल्डवर, म्हणजे खात्यात अडवून ठेवलेले, सापडले 4,310.

तेही अजून हातात नाहीत, त्यासाठी खेटे चालू आहेत. जिल्ह्याला एसटीने दोन खेपा झाल्या, भाडं आणि रजा वेगळी. वस्तूची तक्रार ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर करता येते, तीही केली आहे.

जाहिरात अजून चालू आहे. वेबसाइटचं नाव बदललंय, त्या बाईचा पाय तोच, किंमत आता 1,999. मी स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडलेत. सोमवारी पुन्हा जिल्ह्याला जायचंय, बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यानिशी मागितलंय आणि बँक म्हणते तीन दिवस लागतील.