ट्रेलर समतल करणारे वक्र ठोकळे: वापरानंतरचा अभिप्राय

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत ट्रेलर (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर) लावायची जागा अगदी सपाट मिळेल याची खात्री नसते, म्हणून आम्ही लाकडी फळ्यांऐवजी प्लास्टिकच्या वक्र ठोकळ्यांची जोडी घेतली. उताराकडच्या चाकाशी ठोकळा ठेवून ट्रेलर सावकाश पुढे घेतला की चाक वर चढू लागते आणि पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की थांबायचे. सुमारे 4 इंचांपर्यंत हवी तेवढीच उंची मिळत असल्याने फळ्या घालत-काढत बसावे लागत नाही. सोबतची पाचर ठोकळ्याखाली घट्ट बसवून आणि पलीकडच्या चाकांनाही पाचरी लावूनच ट्रेलर गाडीपासून सोडावा, त्यानंतर पुढची-मागची पातळी पुढच्या जॅकने जुळवावी.

एकामागे एक दोन चाके असलेल्या आमच्या ट्रेलरमध्ये चाकांमधली फट अरुंद असल्याने ठोकळ्यांची टोके करवतीने कापावी लागली; या किमतीत ते खटकले. ओल्या गवतावर ठोकळा सरकतो, तेव्हा खाली रबरी चटई हवीच.

कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर जॅक फक्त हेलकावे थांबवण्यासाठी असतात; त्यांनीच ट्रेलर उचलू पाहिल्यास ट्रेलरच्या सांगाड्याला बाक येऊ शकतो. ज्यांच्याकडे गॅसवर चालणारा फ्रिज आहे, त्यांनी तर ठोकळे जरूर घ्यावेत, कारण त्यातले अमोनियाचे द्रावण गुरुत्वाकर्षणाने वाहते आणि ट्रेलर फार कलता राहिला तर फ्रिज कायमचा बिघडू शकतो.