लहान मुलांना घेऊन समुद्रावर: मोकळा लांब बीच की आडोशाचा छोटा किनारा?

सुट्टी ठरली की सगळे आधी हॉटेल शोधायला बसतात, रूममधून समुद्र दिसतो का, पूल आहे का, रिव्ह्यू कसे आहेत, आणि किनारा नक्की कसा आहे ते तिथं पोचल्यावर कळतं. पोरं लहान असतील तर हे उलटं करा, आधी पाणी निवडा मग रूम, यावर मी अगदी ठाम आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा सगळा दिवस पाण्याच्या कडेच्या दहा-पंधरा फुटांत जातो, आणि ते दहा-पंधरा फूट कसे आहेत यावरच ठरतं की आईबाप निवांत बसणार की दिवसभर जीव मुठीत धरून उभे राहणार.

ढोबळमानाने चॉईस दोन. एक लांबलचक मोकळा बीच, समोर उघडा समुद्र. दुसरा म्हणजे दोन्ही बाजूंनी खडक किंवा टेकडी पाण्यात पुढे आलेली आणि मधे वाळूचा छोटा तुकडा.

सगळ्यात मोठा फरक लाटांचा. मोकळ्या बीचवर लाट थेट येते, आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभं असलेलं दीड वर्षाचं पोर जरा नीट बघा, येणारी छोटी लाट त्याला फार काही करत नाही, पण ती परत जाताना टाचेखालची वाळू ओढून नेते, पोर मागे फतकल मारून बसतं आणि तेवढ्यात पुढची लाट तोंडावर. मग जे घाबरतं ते पुढचे दोन दिवस पाण्याकडे फिरकत नाही. आडोशाच्या किनाऱ्यावर वारा आणि लाटा त्या खडकांनी बऱ्याच अडतात, पाणी नुसतं डुचमळत असतं, त्यात मूल बसून बादली भरत राहतं. अर्थात किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि त्या दिवशी वारा कुठून येतोय यावर ते बरंच अवलंबून, वारा समोरूनच असेल तर आडोसा नावालाच उरतो.

दुसरा मुद्दा रिप करंटचा आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठूनतरी परत आत जाणार, ते अरुंद पट्ट्यातून जोरात जातं, वेग कधीकधी सेकंदाला २ मीटरच्या पुढे म्हणजे चांगल्या पोहणाऱ्यालाही उलटं पोहता येणार नाही इतका. आणि हा पट्टा दिसायला शांत दिसतो, आजूबाजूला लाटा फुटतायत आणि मधेच एक सपाट गडद रंगाची पट्टी, म्हणून लोक पोरांना घेऊन नेमके तिथेच उतरतात!! मोठं माणूस सापडलं तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर यायचं, पण हे लहान मुलाला सांगून उपयोग नाही, त्याला तिथे न्यायचंच नाही. म्हणून मोकळा बीच घेणार असाल तर माझी एकच अट, लाईफगार्ड हवा, आणि अर्धा लाल अर्धा पिवळा अशा दोन झेंड्यांच्या मधल्या, म्हणजे लाईफगार्डची नजर असलेल्या भागातच पाण्यात उतरायचं. लाल झेंडा असेल तर त्या दिवशी फक्त वाळू.

आता छोटा किनारा म्हणजे बिनधास्त असंही समजू नका. तिथे लाईफगार्ड सहसा नसतो. खडकांच्या कडेकडेनेही आत ओढणारा प्रवाह असू शकतो. शेजारी नदीचं मुख असेल तर तो किनारा सरळ लिस्टमधून काढा, ओहोटीला तिथे पाणी फार जोरात बाहेर ओढतं. जोराचा पाऊस झाला की अशा कोंडलेल्या जागेत वरून आलेली घाण लवकर निघून जात नाही, दोन-तीन दिवस मुलांना पाण्यात घालू नका. आणि फुगवायच्या ट्यूब आणि गाद्या, त्या शांत पाण्यात जास्त फसवतात, जमिनीकडून समुद्राकडे वारा असला की पाणी आरशासारखं दिसतं आणि ट्यूब बघता बघता लांब जाते. दंडाला लावायचे फुगे हे खेळणंच आहे, लाईफ जॅकेट नाही. पाण्यात मूल कायम हाताच्या अंतरावर.

भरती-ओहोटीचं गणित दोन्हीकडे वेगळं पडतं. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तास, आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. लांब सपाट बीचवर ओहोटीला समुद्र पार लांब जातो, मागे उथळ कोमट डबकी राहतात, लहानांसाठी याच्यापेक्षा भारी काही नाही (नजर तिथेही हवीच). छोट्या किनाऱ्यावर मात्र उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, वाळूच गायब होऊ शकते, आणि खडकाला वळसा घालून आला असाल तर परतीची वाट बंद. पाणी मधल्या दोन तासांत सगळ्यात भराभर चढतं, त्यामुळे अजून वेळ आहे म्हणत थांबू नका. बुकिंगच्या तारखा ठरवतानाच भरतीचं वेळापत्रक उघडा. मुलं जागी असतात त्या सकाळच्या वेळात ओहोटी येईल असे दिवस मिळाले तर उत्तम.

फोटोवरून एक गोष्ट ओळखता येते, वाळू. बारीक वाळूचा किनारा सहसा सपाट असतो, जाड वाळू किंवा गोटे असतील तर उतार तीव्र, दोन पावलांत मोठ्यांच्या कमरेइतकं पाणी आणि लाट एकदम कडेला आपटते. असा किनारा कितीही सुंदर दिसू दे, पाच वर्षांखालच्यांना नको.

उन्हाचं दोन्हीकडे सारखंच, छत्रीखालीसुद्धा ऊन लागतं कारण कोरडी वाळू यूव्हीचा साधारण १५ टक्के आणि लाटांचा फेस २५ टक्के भाग परत फेकतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावली आणि कपडे, मोठ्यांना एसपीएफ ३० दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर परत. पोहायचे कपडे भडक केशरी किंवा नियॉन घ्या, निळा आणि पांढरा पाण्यात दिसतच नाही.

तर माझा कौल. सगळ्यात लहान मूल तीनच्या आत असेल तर आडोशाचा, सपाट, बारीक वाळूचा किनारा, डोळे झाकून. पाच-सहाच्या पुढची असतील तर लाईफगार्डवाला मोकळा बीच, कारण त्यांना पळायला जागा लागते आणि छोट्या जागेत ती दुसऱ्या दिवशी खडकांवर चढायला लागतात, निसरड्या. दोन्ही वयाची असतील तर मुक्काम लहानाच्या सोयीने करा आणि मोठ्याला एखाद दिवस मोकळ्या बीचवर घेऊन जा, उलटं केलंत तर एक जण सारखा लहानाला कडेवर घेऊन उभा राहील.

राहायचं मात्र किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांच्या आत बघा, समुद्र दिसला नाही तरी चालेल. दुपारी अंगभर वाळू, ओले कपडे आणि झोपेला आलेलं पोर घेऊन गाडीत अर्धा तास बसण्यापेक्षा साधी रूम परवडली, आणि दारात पाय धुवायला नळ आहे का हे फोनवर विचारून घ्या.