सीजे-३बी, चौदा महिने, आणि पार्किंगमधला डाग

सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टजवळ नोटीस चिकटवली नसती, तर हे लिहायचं मी दिवाळीपर्यंत टाळलं असतं. नोटिशीत नाव नाही, नंबर नाही. फक्त ‘एका सभासदाच्या जुन्या वाहनातील तेलगळतीमुळे पेव्हर ब्लॉक खराब होत आहेत’ एवढंच. आमच्या पार्किंगमध्ये जुनं वाहन एकच आहे.

महिंद्राची सीजे-३बी जीप, १९७१ ची, पेट्रोल, उंच बॉनेटवाली. रस्त्यावर येऊन चौदा महिने झाले, चार हजार सहाशे किलोमीटर झाले, आणि जवळजवळ तेवढेच तास मी तिच्याखाली उताणा पडून तेल कुठून येतंय ते शोधण्यात घालवलेत. (बायकोच्या हिशेबानं जास्तच.) तेव्हा गळतीबद्दल जरा जादा वाचावं लागेल, गोड मानून घ्या.

गाडी मामांची. मामा एसटीत मेकॅनिक होते. ऐंशीच्या दशकात एका सरकारी लिलावातून त्यांनी ती उचलली, राधानगरी तालुक्यातल्या शेतावर पंचवीसेक वर्षं राबवली, आणि मग गोठ्याशेजारच्या शेडमध्ये लावली ती लावलीच. मागच्या बाजूला युरियाची पोती रचायचे. खत आणि लोखंड यांचा छत्तीसचा आकडा, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, पण कोरडी जागा तेवढीच होती. त्यामुळे चासी ठणठणीत, इंजिन हातानं फिरतंय, आणि मागचा फ्लोअर मात्र बोटानं दाबला की पापडासारखा मोडतोय. पोतं जिथं टेकायचं तिथं पोत्याच्याच आकाराचं भोक.

कामाची वाटणी आपोआप झाली. इंजिन मामांकडे. पत्रा आणि रंग दाजींकडे, कारण त्यांचं ग्रिल-गेटचं वर्कशॉप आहे. वायरिंग धाकट्या भावाकडे. लेथचं काम शाळेपासूनच्या मित्राकडे, त्याचं शिवाजी उद्यमनगरात दोन मशिनचं दुकान आहे. कोल्हापुरात हा एक फायदा. पार्ट मिळाला नाही तर कुणीतरी करून देतो, आणि करून देणारा चहाला थांबवूनच घेतो. मजुरी शून्य. पण दर रविवारी पाच-सात माणसांचा तांबडा-पांढरा, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. ठेवला असता तर गाडी विकावी लागली असती. सुट्या भागांचा, रंगाचा, टायरचा आणि कागदपत्रांचा मिळून खर्च दोन लाख त्रेसष्ट हजार.

इंजिनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथं तक्रारीला जागाच नाही. हे विलीज या अमेरिकन कंपनीचं हरिकेन इंजिन, २१९९ सीसी. इनटेक वॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. इंजिन उंच झालं म्हणून बॉनेट उंच झालं, म्हणून तो भुवया वर केल्यासारखा चेहरा. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ला आलं आणि १९६८ ला बंद झालं, आपल्याकडे त्यानंतरही बनत राहिलं. वरचे टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह उचलणाऱ्या भागांमधली फट, कुणीही लावेल. खालचे लावायचे तर मॅनिफोल्डच्या आड हात घालून, बाजूचं झाकण काढून, न बघता. मामांचं वय बहात्तर. फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्टीचं, पातं आत सारलं, डोळे मिटले, आणि पातं पुढं-मागं करत ओठ हलवत राहिले, जप केल्यासारखे. एका टॅपेटला दहा मिनिटं. मधेच भावाचा मोबाईल वाजला तर त्याला बाहेर घालवला. इंजिन सुरू झाल्यावर बॉनेटवर स्टीलचा पेला ठेवला, काठोकाठ पाणी भरून. सांडलं नाही.

‘डिझेल इंजिन बसव’ असं सांगणारे आजवर एकोणीस भेटले, मोजलेत. ॲव्हरेज लिटरला आठ, शहरात सात, हे खरं आहे. पण मामांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, “हिच्या पोटात डिझेल घातलंस तर मला हाक मारायची नाही.” विषय संपला.

आता गळती.

पहिल्याच आठवड्यात सकाळी गाडीखाली बरोबर मध्यावर डाग. आईची जुनी परात खाली सारली. (आई अजून विचारते, परात कुठं आहे.) लेक पाचवीत आहे. तिनं वहीत तक्ता आखला, तारीख आणि थेंब. रात्रीत अकरा, चौदा, अकरा, नऊ. गियर ऑइल होतं, वासावरूनच कळतं, नव्वद नंबरचं. येत होतं ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गियरपेटीच्या, मागच्या तोंडातून.

मामा तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गावी होते, म्हणून मी एका गॅरेजमध्ये गेलो. तिथलं तेल अडवणारं रबरी सील बदललं, बावीसशे रुपये. तीन दिवस कोरडं, चौथ्या दिवशी सात थेंब. परत गेलो. “सील डुप्लिकेट निघालं” म्हणून दुसरं घातलं, दोन हजार. परत तेच. तिसऱ्यांदा गेलो तर मालक म्हणाला, “साहेब, जुनी जीप आहे, गळणारच. एकशे चाळीसचं तेल घाला, जाड असतंय, बसतंय आत.” मी पैसे परत मागितले. तो हसला. मीही आवाज चढवला, त्याचा उपयोग शून्य. चार हजार दोनशे रुपये गेले ते गेले, पण ‘गळणारच’ हा शब्द डोक्यात बसला. पन्नास वर्षांपूर्वी कारखान्यातून निघताना काय परात खाली बांधून निघाली होती काय?

डागापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर त्याचा ड्रम असतो. सील गळलं की तेल थेट त्या ड्रममध्ये. आमच्या पार्किंगला उतार आहे. एका संध्याकाळी हँडब्रेक ओढून मी भाजीची पिशवी काढायला मागं गेलो आणि गाडी शांतपणे दोन फूट सरकून सेक्रेटरींच्या स्कूटरला टेकली. ओरखडा आला नाही. पण त्या दिवसापासून मागच्या चाकाला वीट, आणि सेक्रेटरींचं लक्ष.

गळतीचं इथपर्यंतचं मी फेब्रुवारीत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘घेऊ नका, घरात शोभेला ठेवा’ असं म्हटलं होतं. ते वाक्य खोडतोय.

झालं असं की लेथवाला मित्र जेवायला आला होता. फ्लँज, म्हणजे सीलमधून बाहेर येणारा फिरता जोडभाग, काढून त्याच्या हातात दिला. त्यानं सीलकडे बघितलंही नाही. म्हणाला, “सीलला कशाला शिव्या घालतोयस? नख फिरव हितनं.” फ्लँजच्या गुळगुळीत भागावर, जिथं सीलचा ओठ टेकतो, तिथं नख फिरवलं तर अडकलं. बारीक चरी पडली होती, गोल, सगळीकडून. एवढ्या वर्षांत सीलनंच ती कोरलेली. नवं सील आणून त्याच चरीवर बसवलं की तेल चरीतून निवांत बाहेर. त्यानं दुसऱ्या दिवशी फ्लँज लेथवर टर्न करून त्यावर स्लीव्ह, म्हणजे पोलादी बांगडी, ठोकली, मूळ मापाला आणून पॉलिश केली. साडेसहाशे रुपये, तेही मी जबरदस्तीनं खिशात कोंबले. ड्रम आणि ब्रेकशू पेट्रोलनं धुतले. परात कोरडी. तक्त्यात सलग सहा शून्यं. लेकीनं शून्यांना डोळे आणि तोंड काढलं.

सातव्या दिवशी डाग मागं सरकला. या वेळी मागच्या हौसिंगमधून, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या कवचातून, पिनियन या गियरच्या सीलपाशी. आणि गंमत अशी की उभ्या गाडीत गळत नव्हतं, लांब फिरून आल्यावरच गळायचं. पन्हाळ्याला जाऊन आलो की वीस थेंब, दोन दिवस हलवली नाही तर एकही नाही. मी पुन्हा फ्लँज काढायच्या तयारीत. तेवढ्यात मामा आले, गाडीखाली वाकले आणि विचारलं, “हिचं नाक कुठाय?”

हौसिंगच्या नळीवर एक छोटा ब्रीदर असतो. गाडी चालली की आतलं तेल-हवा तापते, फुगते, आणि ब्रीदरमधून वाफ निघून जाते. तो बंद असेल तर हवा कुठून तरी वाट काढणारच, आणि सगळ्यात नरम जागा म्हणजे सील. आमचा ब्रीदर सापडला. त्याच्यावर रेड ऑक्साइडचे दोन हात आणि काळ्या रंगाचे तीन, इतके सुबक की वेल्डिंगचा ठिपका वाटावा. दाजींनी खालची बाजू रंगवताना एक इंच जागा सोडली नव्हती. कौतुक करावं की काय करावं! मामांनी कानातलं पिन मागितलं, बहिणीनं दिलं, रंग उकरला. फुस्स असा आवाज आला, सायकलच्या व्हॉल्व्हसारखा. दाजी त्यानंतर अर्धा तास रस्सा वाढण्यात फार गुंतलेले होते.

तेव्हापासून मागची बाजू कोरडी आहे. नवं सील नाही, खर्च नाही.

बाकीचं भराभर. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, त्यानं जुना फ्युएल पंपचा डायाफ्राम फुगून निकामी झाला आणि दोन रबरी नळ्या चिकट झाल्या. नळ्या इथेनॉल चालणाऱ्याच घ्या, यात कंजुषी मीही केली नाही. मे महिन्यात घाट चढताना पेट्रोल नळीतच उकळून गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं थांबा, चालू होते. कागदांचं म्हणाल तर २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण मग ती रोज फिरवता येत नाही, म्हणून आम्ही साधंच नूतनीकरण केलं. स्टिअरिंगला बोटभर ढिलाई आहे, ऐंशीच्या पुढं जायचा मोह होत नाही. सस्पेन्शन? मणक्याला विचारा.

आणि एक दिवस असा की सगळं वसूल झालं. जानेवारीत मामांच्या फडातला ऊस निघत होता, पाटाचं पाणी फुटून वाटेवर काळा चिखल झालेला. दाजींची नवी, मोठ्या स्क्रीनची एसयूव्ही पोटापर्यंत रुतली. ट्रॅक्टर कारखान्यावर गेलेला. मी फोर व्हील टाकलं, लो (हळू पण ताकदीचा गियर) मारला, दोर बांधला. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवावाच लागला नाही. पहिल्या गियरला क्लच सोडला आणि जीप माणसाच्या चालीनं, एकसारखी, चालायला लागली. चारी चाकं पचक-पचक करत वळत होती आणि मागून दोन टनांचं धूड गुपचूप येत होतं. ऊसतोडीची पोरं कोयते खाली ठेवून बघत होती. दाजी आत बसून स्टिअरिंग सरळ धरायचं काम करत होते.

गळतीचा आजवरचा एकूण खर्च: गॅरेज चार हजार दोनशे, सील-तेल दोन हजार सातशे, स्लीव्ह साडेसहाशे, आणि सोसायटीला सहा पेव्हर ब्लॉक बदलून दिले त्याचे नऊशे. जीप घेणाऱ्यांनी यातले पहिले चार हजार दोनशे वाचवावेत. सील बदलण्याआधी फ्लँजवर नख फिरवा आणि ब्रीदर उघडा आहे का बघा.

सध्या रात्रीत दोन थेंब पडतात, पुढच्या डाव्या चाकाच्या नकलमधून (चाक जिथं वळतं तो सांधा). नोटीस त्याबद्दल आहे. पुढच्या हौसिंगचा ब्रीदरही मी अजून पाहिलेला नाही, येत्या रविवारी बघणार आहे. दाजींना जेवायला बोलावलंय, येताना ब्रश आणू नका असं सांगून.