ऑस्टिओसार्कोमात ऑटोफॅजी अडवायला काय घ्यावं: क्लोरोक्विन की बॅफिलोमायसिन?

विद्यापीठाच्या आवारात हाडाच्या कर्करोगावर पीएचडी सुरू करणारं कुणी ना कुणी हे विचारतंच. ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःचेच मोडके भाग पचवणं; ते कसं घडतं हे उलगडल्याबद्दल जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. प्रथिनं तपासायच्या ब्लॉटवर एलसी३-टूचा, म्हणजे ऑटोफॅजीची खूण असलेल्या प्रथिनाचा, बँड नुसता जाड झाला म्हणजे ऑटोफॅजी वाढली की शेवटच्या टप्प्यावर तुंबली, ते कळत नाही. त्यासाठी लायसोसोम, म्हणजे पेशीतली पचन करणारी पिशवी, अडवणारं काहीतरी लागतंच. प्रश्न एवढाच की कुठलं.

क्लोरोक्विनच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. स्वस्त, पाण्यात विरघळणारं, बहुतेक लॅबमध्ये आधीच पडलेलं. शिवाय त्याचं भावंड हायड्रॉक्सिक्लोरोक्विन माणसांना देता येतं, कर्करोगाच्या चाचण्यांतही वापरलं गेलंय. डॉक्सोरुबिसिन किंवा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधांचा मारा झाला की ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी स्वतःचेच मोडके भाग पचवून तग धरतात आणि एचएमजीबी१ हे प्रथिन त्यांना त्यात हात देतं, अशी मांडणी २०१२ पासून आहे. ही वाट बंद केली तर केमो जास्त लागू पडेल का, हे रुग्णापर्यंत न्यायचं तर क्लोरोक्विनला वळसा घालता येत नाही. बॅफिलोमायसिन लॅबबाहेर जाणारं नव्हे.

तरी मी बॅफिलोमायसिनकडे वळलो, ते पिवळ्या पडणाऱ्या मीडियममुळे, म्हणजे पेशी ज्यात वाढवतो त्या द्रवामुळे.

यू२ओएस या लॅबमध्ये वाढवलेल्या ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी दाटल्या की मीडियम आम्लधर्मी होतं. गुलाबी रंग जाऊन पिवळट होतं. क्लोरोक्विन पडलं दुर्बळ अल्कली. आम्लात त्याच्या रेणूवर बाहेरच प्रभार चढतो आणि मग पेशीच्या पडद्यातून आत शिरणं त्याला जड जातं. परिणाम असा, की शुक्रवारच्या ताज्या प्लेटमध्ये पी६२ (ऑटोफॅजीत पचून जाणारं आणि ती अडली की साठणारं प्रथिन) छान साठलेलं दिसे आणि शनिवार-रविवार कुणी मीडियम बदलायला फिरकलं नाही, तर सोमवारचा ब्लॉट भलतंच सांगे. बाटली तीच, मात्रा तीच. लॅब मीटिंगमध्ये गाइड विचारणार, ‘यातला खरा कोणता?’ आणि आपण प्रोजेक्टरकडे बघत बसायचं. आम्ल वातावरणात क्लोरोक्विन निष्प्रभ होतं, हे २०१४ मध्ये छापूनही आलं आहे. त्रास फक्त फ्लास्कपुरता असता तर मी सोसला असता. पण गाठीच्या आतही आम्लधर्मी कोपरे असतातच. म्हणजे जिथे औषध पोचायला हवं, तिथेच ते लंगडं पडायचं.

बॅफिलोमायसिन लायसोसोममध्ये आम्ल भरणारा प्रोटॉन पंपच बंद करतं. १०० नॅनोमोलर, तीन-चार तास, की उत्तर हातात. मीडियमच्या रंगाशी त्याला फारसं देणंघेणं दिसलं नाही; अर्थात हा माझ्या हाताचा अनुभव, काटेकोर मोजणी नव्हे.

खोट त्यातही आहे. महाग असतं, मायक्रोग्रॅममध्ये येतं आणि रात्रभर ठेवलं तर पेशी त्यानेच मरू लागतात. मग डॉक्सोरुबिसिनने किती मेल्या, हे कसं सांगणार? म्हणून दोन दिवस केमोसोबत ठेवायच्या प्रयोगात क्लोरोक्विनच घ्यावं लागतं, फक्त तेव्हा मीडियम रोज बदला आणि पेशी विरळ पेरा. दोन्ही औषधं लायसोसोमची इतर कामंही बिघडवतात. त्यामुळे पुढे एटीजी५ किंवा एटीजी७ ही ऑटोफॅजीला लागणारी जनुकं शांत करून पडताळणी करायची आहेच, औषध कुठलंही घ्या.

तुमचा प्रश्न सुरुवातीपासून उपचाराचाच असेल, तर माझं ऐकू नका. पण ऑटोफॅजी खरोखर चालू आहे का, इथूनच सुरुवात असेल आणि पैसे एकाच कुपीपुरते असतील, तर मी तरी बॅफिलोमायसिन मागवेन. आल्या दिवशीच लहान लहान भागांत वाटून ठेवा, आणि गुरुवारी वीज गेली तर फ्रीझर जनरेटरवर चालतो का, तेवढं आधी विचारून घ्या.