पहिला टॉमाहॉक घेताना: ट्रेल हॉक, फ्रंटियर हॉक आणि एक फसलेली खरेदी

अ‍ॅशच्या झाडांना पोखरणारा हिरवा भुंगा आग्नेय मिशिगनमध्ये 2002 साली पहिल्यांदा ओळखला गेला आणि त्यानंतर या भागातली अ‍ॅशची झाडे उभ्या उभ्या वाळत गेली. आमच्या परसात अशी दोन झाडे होती. ती पाडून घेतल्यावर उरलेल्या ओंडक्यांपैकी एक जाड गोल काप तिवईवर टेकवून ठेवावा आणि त्यावर टॉमाहॉक, म्हणजे फेकता येणारी लहान, हलकी कुऱ्हाड, फेकून पाहावा, असे मनात आले. त्याच हत्याराने परसातली बारीकसारीक तोडाफोडीची कामेही उरकावीत, अशी दुहेरी अपेक्षा होती. चार वर्षांत दोन टॉमाहॉक आणि पाच दांडे वापरून झाल्यावर, पहिल्यांदा घेणाऱ्याने काय पाहावे याविषयी माझे मत बऱ्यापैकी पक्के झाले आहे.

पहिली खरेदी मात्र साफ फसली. एकाच पोलादी पट्टीतून कापलेला, काळ्या रंगाचा, मुठीला दोरी गुंडाळलेला आणि पात्याच्या मागे अणकुचीदार टोक असलेला तो टॉमाहॉक दिसायला मोठा रुबाबदार होता. या लष्करी थाटाच्या टॉमाहॉकांची परंपरा पीटर लगाना यांनी 1960 च्या दशकात व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांसाठी काढलेल्या टॉमाहॉकपर्यंत जाते, आणि त्या कामासाठी ते योग्यही असतील. परसात मात्र फेक चुकली की माझा तो टॉमाहॉक ओंडक्यावर सपाट आपटून माझ्याच दिशेने उसळत असे, हातात धरून फांदी तोडताना प्रत्येक घावाच्या झिणझिण्या कोपरापर्यंत येत, आणि टोमॅटोच्या रोपाशेजारी काठी ठोकायची झाली तर पात्याच्या मागे तुंबाच, म्हणजे ठोकायला लागणारा सपाट भागच, नव्हता. दोरी तर तिसऱ्याच दिवशी सुटली.

दुसऱ्या खेपेला मी दांडा कसा बसवला आहे, हे आधी पाहिले. आपल्याकडच्या साध्या कुऱ्हाडीत दांडा खालून नेढ्यात, म्हणजे पोलादी डोक्यातल्या भोकात, सारतात आणि वरून पाचर ठोकतात. पारंपरिक टॉमाहॉकमध्ये तो कुदळीच्या दांड्यासारखा वरून घालतात. नेढे वरच्या बाजूला रुंद आणि खाली निमुळते असते, दांडाही वरच्या टोकाला जाड असतो, त्यामुळे डोके सरकत जाऊन त्या जाड टोकाशी अडकते आणि प्रत्येक घावागणिक अधिकच घट्ट बसते. सैल वाटले तर हत्यार उलटे धरून दांड्याचे वरचे टोक ओंडक्यावर चार वेळा आपटावे. डोके काढायचे असेल तर ते सरळ धरून दांड्याचे खालचे टोक आपटावे. कुदळीशी बालपण गेलेल्या माणसाला हे नव्याने शिकावे लागत नाही. नवशिक्याच्या दृष्टीने या रचनेचे मोल फार आहे, कारण दांडे मोडतातच. एका आडव्या फेकीत डोक्याच्या खाली दांड्याला चीर जाते, आणि त्या वेळी पाच मिनिटांत नवा दांडा घालता येतो की अख्खे हत्यार टाकून द्यावे लागते, यावर त्या दिवसाचा खेळ अवलंबून असतो.

या पद्धतीने बनवलेल्या आणि सहज मिळणाऱ्या टॉमाहॉकांमध्ये कोल्ड स्टील या कंपनीचे ट्रेल हॉक आणि फ्रंटियर हॉक हे दोन नमुने पहिल्या खरेदीसाठी विचारात घ्यावेत. दोन्हींचे डोके 1055 जातीच्या कार्बन पोलादाचे, घडीव असते आणि हिकरीच्या लाकडाच्या दांड्यासह लांबी 22 इंच असते. ट्रेल हॉकचे पाते सुमारे सव्वादोन इंच रुंद असून मागे हातोडीसारखा तुंबा असतो. वजन साधारण पावणेसातशे ग्रॅम. फ्रंटियर हॉकला तुंबा नाही, पण पात्याची धार सुमारे सव्वातीन इंच लांब असल्यामुळे फेक किंचित तिरपी गेली तरी ते लाकडात रुतण्याची शक्यता अधिक असते. त्याच कंपनीचा रायफलमन्स हॉक एक किलोहून जड आहे. तो तोडकामाला चांगला असला तरी नवशिक्याचा खांदा त्याने वीस-पंचवीस फेकींतच दमतो, म्हणून पहिल्या खरेदीत तो घेऊ नये. मी ट्रेल हॉक निवडला. केवळ फेकण्यासाठीच घ्यायचा असता तर फ्रंटियर हॉक घेतला असता.

या नमुन्यांच्या डोक्यात दांडा धरून ठेवणारा एक लहान स्क्रू असतो. तो काढून ठेवून डोके नुसत्या घर्षणावर बसू द्यावे, असे मी सुचवेन, कारण स्क्रूचे टोक लाकडात रुतून नेमक्या सर्वाधिक ताणाच्या जागी खाच पाडते. नेढ्याच्या आतील रंग अर्धगोल कानशीने खरवडून काढला आणि दांडा बसवून पुन्हा काढल्यावर त्यावर जिथे काळे डाग उमटतात तेवढेच लाकूड तासले, तर डोके सर्व बाजूंनी सारखे टेकते. हे काम मी एका रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून केले. सौभाग्यवतींचा त्याबद्दलचा अभिप्राय इथे नोंदवण्याचे कारण नाही.

दांडा निवडताना त्याच्या टोकाकडे पाहावे. तिथे दिसणाऱ्या वाढीच्या रेषा पात्याच्या रेषेला समांतर असाव्यात आणि लांबीच्या बाजूने लाकडाचे रेषे (तंतू) मध्येच बाहेर पडलेले किंवा गाठीला वळसा घालून गेलेले नसावेत. दुकानात मिळणाऱ्या दांड्यांवर बहुधा चकचकीत लेप असतो. तो घासून काढून उकळलेले जवसाचे तेल दोन-तीन वेळा चोळले की पकड चांगली बसते. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण जवसाचे तेल वाळताना तापते आणि असे बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. ते उघड्यावर पसरून वाळवावेत.

लक्ष्याच्या बाबतीतही माझा पहिला अंदाज चुकला. अ‍ॅशचे वाळलेले लाकूड इतके कठीण असते की चांगली फेकही त्यावरून उसळते. शेवटी जवळच पडलेल्या कॉटनवुड या मऊ लाकडाच्या झाडाचा दीड-दोन फूट व्यासाचा काप आणला आणि त्याची कापलेली बाजू समोर ठेवली. पाते तिथे रेष्यांच्या मधे शिरते, लाकूड लवकर फुटत नाही, आणि खेळण्याआधी बादलीभर पाणी ओतले तर ते आणखी मऊ राहते. लक्ष्याच्या मागे कुंपण नव्हे, तर मातीचा उंचवटा किंवा जाड फळ्यांची भिंत असावी. मुले आणि कुत्रा घरात असावेत. आणि आपल्या नगराचे नियमही आधी वाचून घ्यावेत.

22 इंची दांड्याचा टॉमाहॉक एक पूर्ण गिरकी घेऊन लक्ष्यापाशी पोहोचायला अंदाजे 12 फूट अंतर लागते. दांड्याचे टोक आधी आपटत असेल तर अर्धे पाऊल मागे सरावे; पात्याचा वरचा कोपरा आपटून दांडा वर उचललेला दिसत असेल तर अर्धे पाऊल पुढे यावे. मनगटाला झटका देऊ नये. अंतर एकदा सापडले की पायाशी एक विटकर पुरून ठेवावी, आणि नवा दांडा त्याच लांबीचा घ्यावा, कारण दांडा लांब झाला की गिरकी मंदावते आणि सारे गणित पुन्हा मांडावे लागते.

धारेच्या बाबतीत दुहेरी वापराची खरी अडचण जाणवते. फेकण्यासाठी धार वस्तऱ्यासारखी नको. पातळ धार दगडावर किंवा खिळ्यावर पडली तर तुटते. परसातल्या कामासाठी मात्र ती जरा बोलकी हवी. मी कानशीने मधला मार्ग काढला आहे, ज्यात कागद कापला जात नाही, पण मनगटाएवढी फांदी सात-आठ घावांत तुटते. तुंब्याने काठ्या आणि लाकडी मेखा उत्तम ठोकता येतात, पात्याच्या खालच्या कोपऱ्याने तोडलेल्या फांद्या ओढून बाजूला करता येतात, आणि शेकोटीसाठी ढलप्या काढायला हे हलके डोके अगदी सोयीचे आहे. कुंपणाशी माजलेल्या हनीसकलच्या झुडपांसाठी मात्र गावाकडच्या कोयत्याची फार आठवण येते, कारण टॉमाहॉकच्या अरुंद पात्याखालून लवचीक फांद्या निसटतात. जाड ओंडके फोडण्याच्या कामी तर तो मुळीच येत नाही. पातळ डोके लाकडात शिरते आणि न फोडताच तिथे अडकून राहते. अ‍ॅशचे उरलेले ओंडके फोडायला मी अजूनही शेजारच्या आजोबांची आठ पौंडी जड कुऱ्हाड मागून आणतो आणि परत करताना त्यांच्याच शेकोटीसाठी पाटीभर ढलप्या टॉमाहॉकने काढून देतो.