मुंबईत समुद्रातून सूर्य उगवला आणि माझे १८,५०० बुडाले

आधी आकडा सांगून टाकते, नंतर हिंमत होणार नाही. १८,५०० रुपये. त्यातले १७,५०० माझे नव्हतेच, सात मैत्रिणींनी प्रत्येकी २,५०० मला पाठवले होते, "तू तिथलीच आहेस, तूच बघ सगळं" म्हणून. आणि मी बघितलं.

झालं असं की आमचा सोलापूरच्या कॉलेजचा आठ जणींचा ग्रुप, हॉस्टेलपासूनचा. कितीतरी वर्षं नुसतं "भेटू गं भेटू" चाललेलं, शेवटी २६ जानेवारी सोमवारी आली म्हणून शनिवार ते सोमवार मुंबई ठरली. सातजणी सोलापूर, बार्शी, पंढरपूर अशा, एकटी मी डोंबिवलीला. माझं घर वन बीएचके, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलाची दहावीची प्रिलिम. घरी उतरवणं शक्य नव्हतं. बजेट प्रत्येकी तीन हजारांच्या आत, कारण दोघी जिल्हा परिषदेत, एकीचं दुकान आहे, एकीला तर घरून पैसे मागावे लागतात, सगळ्यांना झेपलं पाहिजे ना. लाँग वीकेंडला फोर्ट, गिरगाव भागात साध्या लॉजवाल्यांनीही रूमला चार हजार सांगितले. चार रूम, दोन रात्री, म्हणजे ३२,००० नुसतं झोपायला!

मग एका ट्रॅव्हल ग्रुपवर ती पोस्ट दिसली. गिरगाव चौपाटीजवळ तीन बेडरूमचा सर्व्हिस फ्लॅट, नववा मजला, सी फेसिंग, आठ माणसं, एका रात्रीचे ६,५००. दोन रात्रींचे १३,०००, माणशी १,६२५. आता कुणीतरी म्हणेल, एवढं स्वस्त गिरगावात? डोकं होतं का? होतं हो. मी अकाउंट्समध्ये आहे, दिवसभर दुसऱ्यांचे जीएसटी रिटर्न भरते, एका रुपयाचा फरक आला तर संध्याकाळी सातपर्यंत बसून शोधते. मला वाटलं, मालक बाहेर असेल, केअरटेकर वरच्यावर भाड्याने देत असेल, तसं होतंच की इकडे. आणि तो माणूस मराठी, स्वच्छ, गोड मराठी. "ताई, लेडीज ग्रुप आहे ना, मग मी दुसऱ्या कुणाला देतच नाही." मॅपवर पिन होता, त्याला ४.८ रेटिंग, खाली ३६ रिव्ह्यू. रेटिंग विकत मिळतं हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण ते दुसऱ्यांच्या बाबतीत माहीत होतं.

९ तारखेला टोकन १,०००. ११ ला ५,५००, म्हणजे अर्धे झाले. पैसे पाठवताना स्क्रीनवर जे नाव आलं ते वेगळंच, कुठल्यातरी मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. विचारलं तर म्हणे "ताई, ते आमच्या अकाउंटंटच्या भावाचं आहे, लिमिट संपलंय". अकाउंटंट म्हटल्यावर तर मी अजूनच विरघळले, आमच्याकडेही क्लायंट असंच काहीतरी करतात. हे नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, कारण काहीही देऊ दे.

मी म्हटलं व्हिडिओ कॉलवर फ्लॅट दाखवा. "आत्ता गेस्ट आहेत ताई, तुम्ही असताना मी कुणाला दाखवला तर तुम्हाला चालेल का?" काय बोलणार! त्याऐवजी त्याने फोटो पाठवले. किचन, तीन बेडरूम, आणि एक बाल्कनीचा.

तो बाल्कनीचा फोटो मी अजून डिलीट केलेला नाही. वेताच्या दोन खुर्च्या, मध्ये काचेचं टेबल, त्यावर चहाचे दोन कप, रेलिंगवर निळा टॉवेल वाळत टाकलेला, आणि समोर नुसता मोकळा समुद्र, त्यातून लालबुंद सूर्य अर्धा वर आलेला. खाली त्याने लिहिलेलं, सनराइज फ्रॉम बाल्कनी.

सनराइज. गिरगाव चौपाटीवर. समुद्रातून.

मी बावीस वर्षं या भागात राहते हो! लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याने कुठे नेलं असेल तर मरीन ड्राइव्हला सूर्यास्त बघायला. मुंबईत सूर्य समुद्रात मावळतो हे बालवाडीतल्या पोराला विचारलं तरी सांगेल. आणि मी काय केलं, तो फोटो ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं "सकाळी सहाला सगळ्यांनी उठायचं, चहा इथे". सगळ्यांचे हार्ट आले. फक्त आमची बार्शीची, जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवते, तिने लिहिलं, "अगं पण तुमच्याकडे सूर्य समुद्रात मावळतो ना?" यावर मी, वाचा नीट, मी उत्तर दिलं, "अगं तिथे खाडीसारखं वळण आहे, त्यामुळे दिसतो." भूगोलाच्या मास्तरणीला मी भूगोल शिकवला! आणि त्यात थोडं खरंही आहे म्हणून जास्त राग येतो, वाळकेश्वरच्या बाजूने सकाळी बॅक बेच्या पलीकडे सूर्य वर येताना दिसतो, पण तो नरिमन पॉइंटच्या बिल्डिंगांच्या मागून, मोकळ्या समुद्रातून नाही. बिचारी म्हणाली, "बरं, तुला माहीत." त्याच संध्याकाळी, १७ तारखेला, मी ५,००० सिक्युरिटी डिपॉझिट पाठवलं. रिफंडेबल. (नंतर मुलाने तो फोटो इंटरनेटवर टाकून मुळात कुठला आहे ते शोधलं, दोन मिनिटं लागली. विशाखापट्टणमच्या एका हॉटेलची बाल्कनी निघाली. तिकडे उगवतो समुद्रातून.)

२२ ला तो म्हणाला, टेम्पो ट्रॅव्हलर लावून देतो, दिवसाचे ३,५०० फक्त, सीएसएमटीला सकाळी साडेसहाला उभा असेल. अ‍ॅडव्हान्स ३,०००. आता बघा, मुंबई फिरायला टेम्पो लागतच नाही. बेस्टच्या साध्या बसचं कमीतकमी तिकीट १० रुपये, एसीचं १२, आणि आता भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत जाते. पण सातजणी बॅगा घेऊन येणार, मला जरा ऐट दाखवायची होती, हे कबूल करते.

२३ ला, म्हणजे आदल्या दिवशी, सोसायटीचा गेटपास, माणशी २५०, म्हणजे २,०००. तेव्हा मी लोकलमध्ये उभी होते, एका हातात डबा, दिवा आणि मुंब्र्याच्या मधे कुठेतरी. पाठवले. लगेच फोन, "ताई, रिमार्कमध्ये बुकिंग नंबर टाकला नाही तुम्ही, सिस्टीमने घेतलं नाही, परत २,००० टाका, पहिले आपोआप परत येतील." हा प्रकार तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय, मीही ऐकलाय, आमच्या ऑफिसात यावर मी स्वतः एका पोराला लेक्चर दिलंय. आणि तरी परत टाकले. माणूस दमलेला असतो, गर्दी असते, ट्रेन दुसऱ्या दिवशीची असते, एवढे गेलेत तर आता अडायला नको असं होतं. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा म्हटलं, उद्या हातात देते. तो "ओके ताई" म्हणाला. तेच शेवटचं बोलणं.

आणि हो, गेटपाससाठी आठही जणींची आधार कार्ड पाठवली होती. पुढून मागून. पैशापेक्षा मला याचीच जास्त धास्ती आहे. पाठवायचंच असेल तर मास्क्ड आधार पाठवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, फुकट डाउनलोड होतं. आम्ही सगळ्यांनी नंतर आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, म्हणजे आमचे बोटांचे ठसे दुसऱ्या कुणाला वापरता येऊ नयेत, बैल गेला नि झोपा केला.

शनिवारी सिद्धेश्वर एक्सप्रेसने सगळ्या उतरल्या, मिठ्या मारल्या, आणि टेम्पो नाही. फोन बंद. डीपी गायब. मी तरी म्हणते "झोपला असेल". दोन टॅक्सी करून पत्त्यावर गेलो. बिल्डिंग होती, नाव तेच होतं, पण बिल्डिंग पाच मजल्यांची! आमचा फ्लॅट नवव्यावर. वॉचमनने काही विचारलंसुद्धा नाही, बॅगांकडे बघितलं आणि गेटवर लावलेल्या लॅमिनेट केलेल्या कागदाकडे बोट दाखवलं, "या इमारतीत कोणताही फ्लॅट दिवसाच्या भाड्याने दिला जात नाही." म्हणजे आमच्या आधी इतके लोक येऊन गेले होते की सोसायटीने लॅमिनेशनचा खर्च केला होता. मी फुटपाथवर बॅगेवर बसले आणि रडले, चाळिशी ओलांडलेली बाई. कुणी एक शब्द बोललं नाही मला, ते जास्त लागलं.

तिथूनच १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा नंबर सेव्ह करून ठेवा, आत्ताच्या आत्ता. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, माझे काही पंधरा दिवसांपूर्वीचे. पाचव्यांदा लागला, बाई नीट बोलली, प्रत्येक पेमेंटचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर घेतला, तक्रार क्रमांक आला. तिथपर्यंत ठीक.

मग जवळच्या पोलीस स्टेशनला. "राहता कुठे? डोंबिवली? मग तिकडे द्या." डोंबिवलीकडे, "घटना कुठली? गिरगाव? मग तिकडे." मी म्हटलं साहेब, शेवटचं पेमेंट धावत्या लोकलमधून केलं, मग रेल्वे पोलिसांकडे जाऊ का? यावर ते हसले. मला जोक मारायचा नव्हता. एफआयआर हद्दीचा विचार न करता घेता येते, झिरो एफआयआर म्हणतात, हे मी त्यांना मोबाईलवर काढून दाखवलं तर "मॅडम, तुम्हाला एवढं कळतं मग पैसे कसे दिले?" हे वाक्य मी तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं. एकजण म्हणाला रक्कम छोटी आहे, इथे लोकांचे चाळीस चाळीस लाख गेलेत. अरे मग चाळीस लाखवाल्यांचे तरी मिळाले का? शेवटी लेखी अर्ज घेतला, शिक्का मारून कॉपी दिली, तीही झेरॉक्स मीच बाहेरून आणायची.

बँकेत तर कहर. कस्टमर केअरला एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा, मग गाणं. ब्रँचमध्ये साहेब म्हणाले पिन तुम्हीच टाकलात ना, मग यात बँकेचा काय दोष. कुणी सांगितलं होतं की तीन वर्किंग दिवसांत कळवलं तर पैसे परत मिळतात, पण ते तुमच्या नकळत पैसे गेले तर, स्वतःच्या हाताने दिलेल्यांना ते लागू नाही. पोलिसांना द्यायला शिक्क्याचं स्टेटमेंट मागितलं तर त्याचे ११८ रुपये कापले, १०० अधिक १८ टक्के जीएसटी. तो हिशोब मात्र चोख.

आत्तापर्यंत निष्पन्न काय, त्या मोबाईल रिपेअरिंगवाल्या खात्यात ३१२ रुपये होल्ड झालेत. तेही हवे असतील तर कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले. तीनशे बारा!

आणि तरी सांगते, ते तीन दिवस आम्ही फिरलो. बॅगा सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये टाकल्या (कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, दोन कुलपं स्टेशनबाहेर घ्यावी लागली), गेटवेवरून बोटीने एलिफंटा केलं, सोमवारी लेणी बंद असतात म्हणून शनिवारीच. रात्री आठहीजणी माझ्याच वन बीएचकेमध्ये, मुलगा शेजाऱ्यांकडे अभ्यासाला, सासूबाई पलंगावर पाय लांब करून सगळ्यांच्या गप्पा ऐकत. ज्या घरात शक्य नाही म्हणून मी १८,५०० घालवले त्याच घरात. रविवारी मेगाब्लॉक होता, त्यात लटकत दादर, मग बाणगंगा, शेवटी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर भेळ. तिथे बार्शीच्या मॅडमनी मावळत्या सूर्याबरोबर सगळ्यांचा सेल्फी काढला आणि ग्रुपचा डीपी केला, खाली "सनराइज फ्रॉम बाल्कनी". हसले मी. घशात अडकलं पण हसले.

पैसे मी सगळ्यांचे परत करतेय, दर महिन्याला दोघींचे. त्या नको म्हणतात, एकीने तर परत उलटे पाठवले. नवरा काही बोलला नाही, फक्त हल्ली काहीही ऑनलाइन मागवायचं म्हटलं की "नाव बघितलंस ना?" एवढं विचारतो.

सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर संशयित नंबर आणि यूपीआय आयडी तपासायची सोय आहे, पैसे द्यायच्या आधी टाकून बघा, मी नंतर बघितलं. आणि मुंबईत पाहुणे येणार असतील तर रेल्वेच्या रिटायरिंग रूम बघा, कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर बुक होतात. शहरात तुमचं कुणी असेल तर आदल्या दिवशी त्याला जागेवर पाठवून दरवाजा उघडून बघायला सांगा. मी स्वतः शहरात होते आणि गेले नाही, डोंबिवली ते गिरगाव जायचा कंटाळा केला, दीड तासाचा.

काल परत तो फोटो दिसला. तेच दोन कप, तोच निळा टॉवेल. यावेळी फ्लॅट दादर चौपाटीजवळ, रात्रीचे ५,९००, नाव वेगळं, नंबर वेगळा. खाली चौघांनी "इंटरेस्टेड" लिहिलेलं. मी लिहिलं, पैसे देऊ नका, हा फोटो विशाखापट्टणमचा आहे, माझे गेलेत. दहा मिनिटांत ग्रुपमधून मला काढलं.