यूडीआयडी कार्ड: कॉलेजात लेखनिक आणि जादा वेळ मिळवायला कितपत पुरतं?

केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून मिळणारं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढायलाच हवं. पण नुसतं कार्ड दाखवून परीक्षेत लेखनिक (सांगितलेली उत्तरं लिहून देणारा माणूस) मिळत नाही, वेळही वाढत नाही. अनेक दिव्यांग मुलामुलींना हे हॉल तिकीट हातात आल्यावर कळतं. म्हणून कार्डाबरोबर कॉलेजात द्यायच्या अर्जाबद्दलही लिहीत आहे.

आधी सेवेबद्दल. अर्जाला फी नाही. १८ अंकाक्षरांचा क्रमांक देशभर चालतो, त्यामुळे नांदेडची मुलगी हैदराबादला शिकायला गेली तरी नवं प्रमाणपत्र काढावं लागत नाही. कार्ड हरवलं तर ई-कार्ड डाउनलोड होतं. रंगावरून टक्केवारी समजते: ४० च्या आत पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० पासून पुढे निळं.

घोळ होतो तो बहुधा नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, हॉस्पिटलच्या जुन्या कागदावर वडिलांचं नावच नाही. फॉर्म भरण्याआधी हे जुळवून घ्या. हॉस्पिटल निवडताना जवळचं बघू नका, आपल्या प्रकारची तपासणी जिथे होते ते बघा. कानाच्या बाबतीत बेरा चाचणी (यंत्रावरची श्रवणतपासणी) लागू शकते आणि ते यंत्र सगळीकडे नसतं. मग दुसरीकडे पाठवतात आणि तारखा पुढे जातात. २०२४ च्या दुरुस्ती नियमांत प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. ऑगस्टमध्ये अर्ज केला तर हिवाळी परीक्षा हुकण्याचीच शक्यता जास्त. बारावीनंतरच्या सुट्टीत हे काम उरकून टाका.

अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारख्या वाचन-लेखनाच्या अडचणी) असलेल्यांनी एक गोष्ट विसरू नये. केंद्राच्या तपासणीविषयक मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वयाच्या आठ वर्षांनंतर मिळालेलं प्रमाणपत्र १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा करून घ्यावं लागतं. १८ व्या वर्षीचं कायमचं. दहावीला चाललेला कागद एफवायला चालेलच असं धरून बसू नका.

आता कार्डाची खरी उणीव. त्यावर दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्के असतात, गरज नसते. चलनवलनविषयक, ४५ टक्के, एवढं वाचून क्लार्कला कसं कळावं की बाधित आहे तो लिहिता हात की पाय? अर्जाला कार्डाबरोबर मूळ वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत जोडा, कारण कोणता अवयव बाधित आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. लेखनिक हवा असेल तर आणखी एक कागद लागतो. केंद्र सरकारच्या लेखी परीक्षांबद्दलच्या २०१८ च्या सूचनांनुसार अंध, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना मागितल्यावर लेखनिक मिळायला हवा. बाकीच्यांना लिहिण्यात अडचण असल्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला द्यावा लागतो, त्यावर सिव्हिल सर्जन किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांची सही. नमुना छापून वैद्यकीय बोर्डाच्या तपासणीच्या दिवशीच बरोबर न्या, दुसरी खेप वाचेल.

४० टक्क्यांच्या आतल्यांना काहीच मिळत नाही, असं कॉलेजात सर्रास सांगतात. ते चूक आहे. प्रवेशातलं ५ टक्के आरक्षण ४० च्या अटीला बांधलेलं आहे, लेखनिक नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात हे स्पष्ट केलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ४० च्या आतल्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. अर्जात दोन्हींचा उल्लेख करा.

जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं. म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४०, अडीच तासांच्या पेपरला ५०. अकराचा दोन तासांचा पेपर एक चाळीसला संपतो आणि त्याच वर्गात दोनचा पेपर असेल तर पर्यवेक्षक घाई करतात. त्यामुळे 'तळमजल्यावर स्वतंत्र खोली' हे शब्द अर्जात हवेतच. चाचणी परीक्षांचाही उल्लेख करा, नाहीतर सवलत फक्त विद्यापीठाच्या पेपरपुरती धरली जाते.

अर्ज मोघम लिहिला की उत्तरही मोघम येतं. 'मोठ्या अक्षरांत प्रश्नपत्रिका' म्हटलं की ए-फोरची ए-थ्री झेरॉक्स हातात पडते. त्यात १२ पॉइंटचं अक्षर जेमतेम १७ होतं आणि कागद बाकावर मावत नाही. '२४ पॉइंट, ए-फोर कागद, एका बाजूला छपाई' असं लिहा. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याचं नाव लिहा, संगणकावर तो आधी तपासायला मिळावा असं मागा आणि आकृती-नकाशांच्या प्रश्नांना पर्याय मागा.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, प्रत परीक्षा विभागाला आणि समान संधी कक्षाला. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी 'होऊन जाईल' याला परीक्षेच्या सकाळी कोणी विचारत नाही. परीक्षा फॉर्ममधला दिव्यांग रकानाही भरा. लेखनिकाच्या शिक्षणाची अट अलीकडे बदलत गेली आहे, त्यामुळे विद्यापीठाचं चालू परिपत्रक पाहूनच माणूस ठरवा. २०१८ च्या सूचनांमध्ये लेखनिकाला दोन दिवस आधी भेटण्याची मुभा आहे, ती जरूर वापरा. भाषेच्या पेपरला वेगळा लेखनिक घेता येतो.

सेवा म्हणून कार्डाला पाचपैकी साडेतीन. तपासणी अवघड, पण एकदा झाली की बराच त्रास वाचतो. वैधतेची तारीख मात्र पाहून ठेवा: तात्पुरतं प्रमाणपत्र पदवीच्या मधेच संपतं आणि नूतनीकरणाला पुन्हा बोर्ड लागतं. कॉलेजने अर्ज अडवला तर लेखी कारण मागा.  त्यानंतरची पायरी म्हणजे पुण्यातलं दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय. तिथे तुमची आवक क्रमांकाची प्रत सगळ्यात आधी मागतील.